डोकी मोजण्याचं शास्त्र

समुद्रतळाच्या गाळातले कृमी मोजताना फक्त डोकी मोजायची, असा प्रयोगशाळांचा नियम आहे. शेपट्या मोजायच्या नाहीत, मधले तुकडेही नाहीत. बोटीवर गाळ चाळताना, बरणीत भरताना, पुन्हा धुताना हे नाजूक प्राणी तुटतात. एकाचे चार तुकडे झाले आणि चारही मोजले, तर कागदावर एका कृमीचे चार कृमी होतात. उलट डोकं तुटून चाळणीतून निसटलं आणि धडच उरलं, तर एक प्राणी हिशेबातून जातो. तरीही नियम डोक्याचाच, कारण एका कृमीला डोकं एकच असतं आणि नियमामुळे होणारी चूक तरी सगळ्यांची सारखी होते.

बंदर असो, वीज केंद्र असो की रासायनिक वसाहतीची सांडपाण्याची वाहिनी असो, किनाऱ्यावर काही मोठं येणार म्हटलं की पर्यावरण अहवाल तयार होतो. त्यात तळजीवांचं एक प्रकरण असतं आणि त्या प्रकरणात एक कोष्टक: दर चौरस मीटरला इतके प्राणी, इतक्या प्रजाती. आकडा छापलेला असला की तो पक्का वाटतो. मंजुरी देणारे त्यावरून ठरवतात, विरोध करणारे त्यावरूनच भांडतात. पण तो आकडा यंत्राने दिलेला नसतो. कुणीतरी तासन्‌तास मान खाली घालून, चिमट्याने प्राणी वेचून, एकेकाला नाव देऊन तो काढलेला असतो. माणसाच्या डोळ्यांनी आणि हातांनी केलेलं हे मोजमाप किती विश्वासाचं, हे तपासण्याची एक शिस्त गेल्या तीसेक वर्षांत घडत आली आहे. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि ते मला योग्य वाटत नाही.

तळातलेच प्राणी का मोजायचे? पाणी भरती-ओहोटीबरोबर येतं आणि जातं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी भरलेल्या बाटलीत सापडेलच असं नाही. गाळात बीळ करून राहणारे कृमी, तिसऱ्या, खुबे, बारीक कवचधारी जीव मात्र जागचे फारसे हलत नाहीत. जे वाहत येतं ते सोसतात, नाही सोसलं तर मरतात, आणि त्यांच्या जागी भलतेच कुणी वाढतात. महिनोन्‌महिन्यांचा इतिहास त्यांच्या वस्तीत नोंदलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या सी. जी. योहानेस पीटरसन यांना प्रदूषणाशी काही देणंघेणं नव्हतं. माशांना खायला तळाशी अन्न किती आहे, एवढंच त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी त्यांनी तळाचा ठरावीक क्षेत्रफळाचा लचका तोडून वर आणणारा लोखंडी जबडा वापरला. त्याला ग्रॅब म्हणतात. आज व्हॅन व्हीन ग्रॅब किंवा डे ग्रॅब वापरतात, पण ०.१ चौरस मीटर हे माप अजूनही सर्रास चालतं. म्हणजे नमुन्यात चुकलेला एक प्राणी अहवालातल्या ‘दर चौरस मीटर’च्या रकान्यात दहा होऊन उतरतो. ग्रॅब ०.०४ चौरस मीटरचा असेल तर पंचवीस होऊन.

चुकांची सुरुवात प्रयोगशाळेच्या दाराबाहेर होते. ग्रॅबच्या जबड्यात शिंपला अडकला की तो नीट मिटत नाही आणि वर येताना गाळ धुऊन जातो. वाळू घट्ट असली तर जबडा वरवरच चावतो आणि खोल बिळात राहणारे प्राणी खालीच राहतात. असा नमुना बोटीवरच फेकून पुन्हा ग्रॅब टाकायचा, असं चांगल्या कार्यपद्धतीत लिहिलेलं असतं. समुद्र खवळलेला असताना, बोटीचं भाडं तासावर चढत असताना तसं करायला निग्रह लागतो. मग चाळणी. तिचं छिद्र १ मिमीचं की ०.५ मिमीचं, यावर निकाल बदलतो. ०.५ मिमीच्या चाळणीत अडकणारी लहान पिल्लं आणि सडपातळ कृमी १ मिमीतून सहज खाली जातात. एकाच खाडीत दहा वर्षांपूर्वी एका संस्थेने १ मिमीची चाळणी वापरली आणि यंदा दुसरीने ०.५ मिमीची, तर प्राणी वाढलेले दिसतील. खाडी सुधारली, असंही कुणी म्हणेल. बदललेली असेल फक्त चाळणी. गाळ ताजा चाळला की फॉर्मलिन घालून मग चाळला, यानेही फरक पडतो. जिवंत कृमी वळवळत छिद्रातून पार होतात, फॉर्मलिनने ताठरलेले अडकतात आणि तुटतातही.

जपणुकीच्या द्रवातही खाचखळगे आहेत. बाजारातलं फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळलेला सुमारे ४० टक्के फॉर्मल्डिहाइड वायू. त्याचं दहापट सौम्य केलेलं द्रावण कुणी ‘१० टक्के फॉर्मलिन’ म्हणतं, कुणी ‘४ टक्के फॉर्मल्डिहाइड’. दोन्ही एकच. रजिस्टरात नुसतंच ‘४ टक्के’ लिहिलं की पुढचा माणूस गोंधळतो आणि द्रावण अर्ध्याहूनही पातळ करतो. फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि चुन्याची कवचं खातं. सहा महिन्यांनी बरणी उघडावी तर शिंपल्यांची पिल्लं विरघळून ओळखीच्या पलीकडे गेलेली असतात. म्हणून त्यात बोरॅक्स घालतात. बरणीला दोन लेबलं हवीत, एक बाहेर आणि एक आत, आणि आतलं पेन्सिलीने लिहिलेलं. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. लेबल गेलेल्या बरणीतला प्राणी कितीही दुर्मीळ असो, तो कुठून आला हे कुणी सांगू शकत नाही.

आता प्रयोगशाळेत येऊ. धुतलेला गाळ थोडा थोडा पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून त्यातले प्राणी वेचायचे. घरात आई-आजी ताटात तांदूळ निवडतात तसंच हे काम, फक्त इथे खडा हवा असतो आणि तांदूळ नको असतो. प्राणी चटकन दिसावेत म्हणून रोज बेंगाल नावाचा रंग घालतात. त्याने मांस गुलाबी होतं. पण काही शिंपले आणि नळीत राहणारे कृमी रंग नीट घेत नाहीत आणि कुजकट पालापाचोळा मात्र झकास गुलाबी होतो. पहिल्या तासाला तीक्ष्ण असलेली नजर चौथ्या तासाला बोथट होते. काही सुटतंच. प्रश्न हा की किती सुटलं, हे कसं कळणार?

यावर निघालेला उपाय मला या साऱ्या शिस्तीचा गाभा वाटतो: उरलेला गाळ फेकायचा नाही. वेचून झालेला चोथा बरणीत घालून, लेबल लावून ठेवायचा. काही नमुन्यांचा चोथा दुसऱ्या माणसाने, पहिल्याने किती प्राणी काढले हे न पाहता, पुन्हा वेचायचा. त्यात जे सापडेल ती पहिल्याची चूक, आणि ती आकड्यात लिहिता येते. समजा, पहिल्याने ९५ काढले आणि दुसऱ्याला चोथ्यात ५ सापडले, तर पहिल्याची वेचणी ९५ टक्के. चोथा फेकून दिलेल्या प्रयोगशाळेची वेचणी ९९ टक्के असेल किंवा ६० टक्के, ते कधीच कळणार नाही. तिच्याकडे चुकाही नाहीत आणि पुरावाही नाही.

या कल्पनेला सार्वजनिक रूप दिलं ब्रिटनने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे किनारी पाण्याच्या राष्ट्रीय देखरेखीत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड अशा वेगवेगळ्या यंत्रणांच्या प्रयोगशाळांचे आकडे एकाच नकाशावर मांडायची वेळ आली. रसायनांच्या बाबतीत तुलना करणं तुलनेने सोपं होतं. माहीत असलेल्या प्रमाणात पारा किंवा शिसं मिसळलेला नमुना सगळ्यांना पाठवायचा आणि कोण किती जवळ येतं ते पाहायचं. पण कृमी आणि शिंपल्यांचा ‘प्रमाणित नमुना’ कुठून आणणार? त्यातून ‘नॅशनल मरीन बायोलॉजिकल अ‍ॅनालिटिकल क्वालिटी कंट्रोल’ ही योजना उभी राहिली. आज नावातला ‘नॅशनल’ जाऊन त्या जागी ‘ईशान्य अटलांटिक’ आला आहे.

तिच्या दोन कसोट्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली ‘रिंग टेस्ट’. सहभागी प्रयोगशाळांना नावं न लिहिलेले पंचवीस प्राणी लहान कुप्यांतून पोस्टाने जातात. शक्यतो एकाच ठिकाणचे, एकाच आकाराचे प्राणी निवडलेले असतात, नाहीतर एकाला धडधाकट नमुना आणि दुसऱ्याला शेपूट तुटलेला, असा अन्याय होतो. प्रत्येकाने नावं द्यायची आणि प्राणी परत पाठवायचे. मग अहवाल निघतो. त्यात प्रयोगशाळेचं नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. कुणाची फजिती करणं हा हेतूच नाही. कुठल्या दोन प्रजातींत सगळे फसले, कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या ओळीमुळे फसले, कोणतं लक्षण पाहिलं असतं तर चूक टळली असती, हे त्यात विस्ताराने असतं. मला हे अहवाल परीक्षेच्या निकालापेक्षा पाठ्यपुस्तकाच्या जवळचे वाटतात. चुकांमधून लिहिलेलं पाठ्यपुस्तक.

दुसरी कसोटी जास्त कडक. प्रयोगशाळेने वर्षभरात स्वतः केलेल्या नमुन्यांची यादी द्यायची आणि त्यातले तपासायचे नमुने योजनेच्या लोकांनी निवडायचे. मग त्या नमुन्यांचा चोथा, प्रजातीनुसार वेगळ्या ठेवलेल्या कुप्या आणि तक्ता, सगळं जसंच्या तसं पाठवायचं. तिथले जाणकार चोथा पुन्हा वेचतात, कुप्या पुन्हा ओळखतात, प्राणी पुन्हा मोजतात. एकूण प्राणी आणि एकूण प्रजाती साधारण १० टक्क्यांच्या आत जुळायला हव्यात (अगदी लहान नमुन्यात दोनचा फरक चालतो), आणि वजन २० टक्क्यांच्या आत. वजनाला दुप्पट सवलत का? तर ओला प्राणी टिपकागदावर किती वेळ ठेवला, शिंपल्याच्या आतलं पाणी निथळलं की नाही, यानेच वजन पुष्कळ बदलतं. माणसाने कितीही काळजी घेतली तरी.

पण खरी मेख चौथ्या निकषात आहे. त्याचं नाव ब्रे-कर्टिस साम्य. रॉजर ब्रे आणि जॉन कर्टिस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलांची तुलना करताना वापरलेलं हे गणित आज जगभर समुद्राच्या गाळाला लावलं जातं. दोन्ही याद्यांत समान असलेले प्राणी मोजायचे, त्यांची दुप्पट करायची आणि दोन्ही याद्यांच्या बेरजेने भागायचं. उदाहरण घेऊ. प्रयोगशाळा म्हणते: ‘अ’ प्रजातीचे ५०, ‘ब’चे ३०, ‘क’चे २०, एकूण १००. तपासणारा म्हणतो: ‘ब’च्या तीसमधले दहा खरे तर ‘ड’ आहेत. समान उरले ५० अधिक २० अधिक २०, म्हणजे ९०. दुप्पट १८० भागिले २००, साम्य ९० टक्के. पास होण्याची रेषा नेमकी ९० वर आहे, म्हणजे जेमतेम सुटका. आता चोथ्यात ‘अ’चे पाच प्राणी सापडले असं समजा. तपासणाऱ्याची बेरीज १०५ झाली, समान तेवढेच ९०. साम्य ८७.८ टक्के. नापास. एकूण प्राण्यांचा फरक पाचच होता, प्रजातींचा फरक एकच, म्हणजे पहिले दोन्ही निकष पार झालेले. बेरजा जुळूनही यादी चुकीची असू शकते, हे हा निर्देशांक पकडतो. नापास झालेल्या प्रयोगशाळेने फक्त तो एक नमुना दुरुस्त करून भागत नाही. ‘ब’ आणि ‘ड’मध्ये तिची गल्लत होत असेल तर त्याच खेपेतले बाकीचे नमुनेही पुन्हा उघडावे लागतात.

एका नावाच्या चुकीने एवढं काय बिघडतं? युरोपात आंबी नावाचा निर्देशांक प्रचलित आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या आंखेल बोर्हा आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली मांडला. त्यात प्रत्येक प्रजातीला पाचपैकी एका गटात बसवतात. पहिल्या गटात प्रदूषण अजिबात न सोसणारे, पाचव्यात घाणीत फोफावणारे. कुठल्या गटाचे किती टक्के, यावरून गाळाला गुण मिळतो आणि त्या गुणावरून पाणी ‘चांगलं’ की ‘वाईट’ हे कायद्याच्या भाषेत ठरतं. पहिल्या गटातला प्राणी चुकून पाचव्यातला ठरला, तर एखाद्या नगरपालिकेला सांडपाणी प्रक्रियेवर मोठा खर्च करावा लागेल. उलट झालं तर खर्च वाचेल आणि खाडी मरेल.

त्या पाचव्या गटाचा नामांकित सभासद कॅपिटेला कॅपिटाटा. लाल रंगाचा, बारीक, गांडुळासारखा दिसणारा कृमी. ओटो फाब्रिसियुस यांनी १७८० मध्ये ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे जगात जिथे जिथे सांडपाण्याच्या तोंडाशी गाळ चाळला गेला, तिथे तिथे हा सापडला आणि प्रदूषणाचा जागतिक निदर्शक म्हणून मान्य झाला. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर वेस्ट फाल्मथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू बार्ज खडकावर आदळला आणि सुमारे सात लाख लिटर इंधन तेल समुद्रात गेलं. जगप्रसिद्ध वुड्स होल संशोधन केंद्र अगदी जवळ. तिथल्या शास्त्रज्ञांनी गाळाचे नमुने घेत राहून तेलाने मेलेल्या तळाचं आणि नंतरच्या वस्तीचं बारकाईने वर्णन केलं. इतर प्राणी संपल्यावर कॅपिटेलाचं पीक आलं होतं. ज्युडिथ ग्रासल आणि फ्रेडरिक ग्रासल यांनी या कृमींची प्रथिनं विद्युतप्रवाहाच्या साह्याने वेगळी करून पाहिली. १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापला: जी एक प्रजाती समजली जात होती, त्या किमान सहा होत्या. दिसायला जवळजवळ सारख्या, पण अंड्यांचा आकार वेगळा, पिल्लांची वाढ वेगळी, प्रजननाचा हंगामही वेगळा. त्यातल्या एकीला ‘कॅपिटेला टेलेटा’ असं रीतसर नाव मिळायला २००९ उजाडलं.

ग्रासल दांपत्याच्या आधी त्याच किनाऱ्यावर रिंग टेस्ट घेतली असती, तर सगळ्या प्रयोगशाळा ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ लिहून उत्तम गुणांनी पास झाल्या असत्या. सगळ्यांचं एकमत झालं असतं आणि सगळे एकत्र चुकले असते. गुणवत्ता नियंत्रण एवढंच सांगतं की दोन जाणकार एकाच प्राण्याला एकच नाव देतात. ते नाव खरं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर जास्त टोकदार होतो. भारतीय पॉलिकीट, म्हणजे अंगावर ताठ केस असलेले समुद्री कृमी, ओळखायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं पुस्तक म्हणजे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर फोव्हेल यांचा १९५३ चा ग्रंथ. त्याच फोव्हेल यांनी १९२३ आणि १९२७ मध्ये फ्रान्सच्या कृमींचे दोन जाडजूड खंड लिहिले होते. त्या काळी समुद्रातल्या अनेक प्रजाती जगभर पसरलेल्या आहेत असं मानायची रीत होती. त्यामुळे युरोपच्या थंड पाण्यातल्या कृमींची नावं हिंदी महासागरातल्या त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या भाऊबंदांना लागली. पॅट हचिंग्ज आणि एलेना कुप्रियानोवा या ऑस्ट्रेलियातल्या दोघी तज्ज्ञांनी २०१८ मध्ये या ‘विश्वसंचारी’ कृमींच्या समजुतीवर सविस्तर लिहिलं. नीट तपासल्यावर यातल्या पुष्कळ प्रजाती अनेक स्थानिक प्रजातींचे गठ्ठे निघतात, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे रत्नागिरीच्या आणि गोव्याच्या दोन प्रयोगशाळांनी एकच पुस्तक उघडून एकच युरोपीय नाव लिहिलं, तर ब्रे-कर्टिस शंभर टक्के येईल आणि नाव तरीही परकं असेल. मग त्या नावाला युरोपच्या निर्देशांकातला गट चिकटवायचा आणि आपल्या पावसाळी, उष्ण खाडीचं आरोग्य ठरवायचं, हे मला धोक्याचं वाटतं.

यातून बाहेर पडायचा रस्ता पुन्हा जपणुकीकडेच जातो. ज्या प्राण्यावरून नाव लिहिलं, तो प्राणी कपाटात असला पाहिजे. याला व्हाउचर म्हणतात. उद्या कुणी सहा प्रजाती वेगळ्या केल्या, तर कपाट उघडून जुन्या यादीतली दुरुस्ती करता येते. यादीच उरली आणि प्राणी गेला, तर ती यादी कायमची संशयित. आपल्याकडे या शिस्तीचा एक मोठा वारसा आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजं उतरली. प्रत्येक जहाजाने आपापल्या जाळ्याने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव, गोळा केले असते, तर तुलना अशक्य झाली असती. म्हणून ब्रिटनच्या रोनाल्ड करी यांनी एक प्रमाण जाळं तयार केलं. तोंडाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, छिद्र ०.३३ मिमी, आणि २०० मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत सरळ उभं ओढायचं. गोळा झालेले नमुने वेगवेगळ्या देशांत न विखुरता वेचणीसाठी कोचीत आणले गेले. त्यासाठी युनेस्कोच्या मदतीने तिथे हिंदी महासागर जैविक केंद्र उभं राहिलं होतं. एका ठिकाणी, एकाच पद्धतीने शिकवलेल्या हातांनी सगळ्या महासागराचे प्राणी गटवार वेगळे केले आणि मग ते जगभरच्या तज्ज्ञांकडे गेले. प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतला फरक काढून टाकायचा याहून सरळ मार्ग नाही. १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि हे केंद्र तिचा भाग झालं. ब्रिटनच्या योजनेच्या कितीतरी आधी आपल्या देशात हे घडलं, आणि वर्गीकरणाच्या पाठ्यक्रमांत त्याची आठवण निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

प्लवकांच्या मोजणीत एक चूक अशी आहे की ती कुणालाच टाळता येत नाही. सूक्ष्म वनस्पती-प्लवक मोजताना पाण्याचा थोडा भाग स्थिर ठेवून, तळाशी बसलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पेशी यदृच्छेने पसरलेल्या असतील, तर १०० पेशी मोजल्यावर आकड्यात सुमारे २० टक्के इकडे-तिकडे होण्याची शक्यता असते. ४०० मोजल्या तर १० टक्के. म्हणजे अचूकता दुप्पट करायला श्रम चौपट. इथे चांगली प्रयोगशाळा चूक लपवत नाही, ती किती आहे हे लिहिते. एखाद्या विषारी प्लवकाच्या चारच पेशी दिसल्या आणि गुणाकार करून ‘लिटरला ४,०००’ असं छापलं, तर त्या चार हजारांमागे फक्त चार पेशी आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

आणि एक अडचण सुधारणेचीच आहे. प्रयोगशाळेतली माणसं शिकत जातात, नवी पुस्तकं येतात. आधी ‘कृमी, अनोळखी’ म्हणून लिहिलेले आता पाच प्रजातींत विभागले जातात. वीस वर्षांच्या नोंदी जोडल्या की त्या समुद्रात जैवविविधता वाढल्याचं दिसतं. वाढलेली असते ती माणसांची समज. उत्तर अटलांटिकमध्ये १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढला जाणारा कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर हे याचं उलट उदाहरण. त्यातलं रेशीम अजूनही २७० मायक्रॉन छिद्राचं आहे आणि मोजणीची पद्धत १९४८ पासून जवळपास तशीच ठेवली आहे. आज याहून चांगली जाळी मिळतात. पण जाळं बदललं तर नातवाच्या काळाची आजोबांच्या काळाशी तुलना संपेल, म्हणून ते बदलत नाहीत. जुनी उणीव जाणूनबुजून, लिहून ठेवून चालू ठेवणं यालाही मी गुणवत्ताच म्हणेन.

आता डीएनए आलं आहे, हे सगळं कशाला, असा प्रश्न येतोच. गाळातलं डीएनए वाचून प्रजातींची यादी मिळते हे खरं. पण फॉर्मलिन डीएनएची नासाडी करतं. त्यामुळे कुठला नमुना अल्कोहोलमध्ये घालायचा, हा निर्णय बोटीवरच घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत कणभर परकं डीएनए मिसळलं तरी ते कोटींनी वाढतं. म्हणून प्रत्येक खेपेसोबत काहीच नसलेली एक नळी त्याच सगळ्या प्रक्रियांतून न्यावी लागते. त्या रिकाम्या नळीत प्रजाती सापडली, तर ती समुद्रातली नाही, टेबलावरची आहे. वाचलेला क्रम ज्या संग्रहाशी ताडून पाहायचा, त्यातली नावं शेवटी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच दिलेली असतात. तिथे कॅपिटेलाची गल्लत असेल तर यंत्र तीच गल्लत वेगाने करतं. शिवाय डीएनए प्राणी मोजत नाही. एक मोठा शिंपला आणि शंभर पिल्लं यातला फरक त्याला नीट सांगता येत नाही.

या साऱ्यात पैसा लागतो, आणि तो लागलेला दिसत नाही. दर वीस नमुन्यांमागे एक-दोन पुन्हा वेचायचे म्हणजे तेवढा पगार. चोथ्याच्या बरण्या ठेवायच्या म्हणजे जागा. अल्कोहोल उडून जातं, म्हणून दर काही महिन्यांनी कुणीतरी कपाटं उघडून बरण्या भरायला हव्यात. कमी दराची निविदा भरणारा पहिल्यांदा हेच गाळतो, कारण अहवालाच्या छापील पानांवर त्याची उणीव कुठेच उमटत नाही. कोष्टक तेवढंच नीटनेटकं दिसतं.

म्हणून मला वाटतं, किनाऱ्यावरच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत अहवालातल्या तळजीवांच्या पानावर बोट ठेवून काही साधं विचारलं जावं. चाळणी किती मिमीची होती, आणि ज्या जुन्या आकड्यांशी तुलना केली आहे त्यांची किती होती? किती नमुने दुसऱ्या माणसाने पुन्हा वेचले आणि त्यात किती सापडलं? पिल्लांना ओढूनताणून प्रजातीचं नाव दिलं आहे, की जिथे ओळख पटत नाही तिथे ‘ओळख पटली नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आहे? ज्या प्राण्यांवरून ही यादी बनली ते आज कुठल्या संस्थेच्या कपाटात, कुठल्या क्रमांकाने आहेत आणि बाहेरच्या तज्ज्ञाला ते पाहायला मिळतील का? यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. कोळीवाड्यातला कुणीही हे विचारू शकतो. ज्या प्रयोगशाळेने काम नीट केलं आहे, तिच्याकडे या प्रत्येकाचं उत्तर रजिस्टरात तारखेसह लिहिलेलं असतं.